साप चावल्यावर कुठे धावायचं, हे आजच ठरवा

सप्रेम नमस्कार,
आम्ही गोरेगाव पूर्वेला आरेला लागून असलेल्या सोसायटीत राहतो. घरात बंड्या नावाचा चार वर्षांचा देशी कुत्रा आहे. पार्किंगमध्ये काळी नावाची कुत्री राहायची, सगळी बिल्डिंग तिला जेवू घालायची. गेल्या महिन्यात संध्याकाळी ती मागच्या भिंतीपाशी केकाटली आणि बघता बघता तोंड सुजलं. वॉचमनने हळद लावली. आम्ही रिक्षात घालून दोन दवाखाने फिरलो. एक बंद होता, दुसऱ्याकडे सापाचं इंजेक्शन नव्हतं. पहाटे ती गेली. दोन दिवसांनी माळ्याला तिथेच घोणस दिसली. आता कमिटीने कंपाउंडभर कार्बोलिक ॲसिड टाकायचं ठरवलंय. वॉचमनने परवा एक लांबलचक साप मारला, ती धामण होती असं कोणी म्हणतं. सासरे म्हणतात, बंड्याला आता खाली न्यायचंच नाही. मिस्टरांनी वाचलंय की कुत्र्यांसाठी सापाची लस असते. ती मुंबईत कुठे मिळेल? आणि चावल्यावरचं इंजेक्शन घरी फ्रिजमध्ये ठेवता येईल का?
– एक वाचक, गोरेगाव

ताई, काळीचं वाचून फार वाईट वाटलं. रस्त्यावरच्या कुत्रीसाठी रिक्षा करून रात्री दोन दारं ठोठावणारी माणसं आहेत, म्हणून तिला निदान एक संधी तरी मिळाली. पण ‘दोन दवाखाने फिरलो’ हे तुमचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. माझ्याकडे उशिरा पोचलेल्या सर्पदंशाच्या कुत्र्यांचा वेळ बहुतेकदा असाच गेलेला असतो: कोणाकडे औषध आहे, कोण उघडं आहे, हे शोधण्यात. तुम्ही विचारलेल्या सगळ्या प्रश्नांना उत्तर देते, पण हे पत्र वाचून एकच काम करणार असाल तर कुठे जायचं ते आज ठरवून ठेवा. ते कसं, हे पुढे सांगते.

आधी लसीचं. मिस्टरांनी वाचलं ते खरं आहे, पण ते अमेरिकेतलं. तिथे रॅटलस्नेकच्या दंशासाठी कुत्र्यांना द्यायची एक लस मिळते. ती वेस्टर्न डायमंडबॅक नावाच्या तिकडच्या सापाच्या विषावर बेतलेली आहे. आपल्याकडे रॅटलस्नेक नाहीच. नाग, घोणस, मण्यार, फुरसं यांच्या विषावर तिचा उपयोग नाही, आणि आपल्या सापांसाठी कुत्र्यांना आधीच टोचून ठेवायची अशी लस आज नाही. तिकडेही लस घेतलेल्या कुत्र्याला साप चावला की दवाखान्यात न्यावंच लागतं. तेव्हा तो विषय सोडून द्या.

आपल्याकडे आहे ते प्रतिविष, म्हणजे चावल्यानंतर द्यायचं औषध. घोड्यांना या चार सापांचं विष थोड्या थोड्या प्रमाणात टोचून त्यांच्या रक्तातून ते तयार करतात. आपल्या परळच्या हाफकिनचं नाव या कामात जुनं आहे. माणसांना दिलं जातं तेच कुत्र्यांनाही चालतं, वेगळं नसतं. आता थोडं गणित सांगते, कारण त्यावरून बरंच काही कळेल. एका व्हायलमध्ये, म्हणजे औषधाच्या छोट्या बाटलीत, 10 मिली औषध तयार होतं. त्यातल्या प्रत्येक मिलीने नाग किंवा घोणस यांचं 0.6 मिलिग्रॅम, मण्यार किंवा फुरसं यांचं 0.45 मिलिग्रॅम विष निष्प्रभ व्हावं असा निकष आहे. म्हणजे घोणशीच्या विषाचा विचार केला तर पूर्ण व्हायल साधारण 6 मिलिग्रॅमला पुरते. मोठी घोणस एका दंशात याच्या कितीतरी पट विष सोडू शकते. म्हणूनच मोठ्या माणसाला सुरुवातीलाच 8 ते 10 व्हायल देतात. कुत्रा लहान म्हणून औषध कमी, असा हिशेब इथे लागू होत नाही. सापाने समोर कोण आहे ते पाहून विष मोजलेलं नसतं, आणि औषध विषाच्या प्रमाणात द्यावं लागतं, वजनाच्या नाही. उलट बारक्या कुत्र्याच्या अंगात तेवढंच विष जास्त भिनतं.

घरी ठेवायचं म्हणाल तर ठेवू नका. ते शिरेतून, सलाइनमधून हळूहळू द्यायचं असतं. घोड्याच्या रक्तातून आलेलं असल्यामुळे काही कुत्र्यांना त्याची जोरदार ॲलर्जी येते, श्वास अडकतो, रक्तदाब कोसळतो. तेव्हा ॲड्रेनलिन भरलेली सिरिंज हाताशी घेऊनच डॉक्टर ते सुरू करतात. शिवाय बहुतेक व्हायलमध्ये कोरडी पांढरी वडी असते. पाणी घातल्यावर ती पटकन विरघळत नाही. जोरात हलवली तर नुसता फेस होतो, म्हणून बाटली दोन्ही तळव्यांत धरून सावकाश फिरवत बसावं लागतं. समोर कुत्रा धापा टाकत असताना त्या काही मिनिटांत नर्सच्या कपाळावर घाम येतो. हे घरी, सोफ्यावर, व्हिडिओ बघून करायचं काम नाही.

म्हणून आता फोनाकडे वळू. या रविवारी चहाचा कप घेऊन बसा आणि तुमच्या जवळच्या चार-पाच पशुवैद्यांना फोन करा. ‘सर्पदंशाची केस घेता का’ एवढंच विचारू नका, त्याला सगळे हो म्हणतात. सरळ विचारा: प्रतिविष दवाखान्यात आत्ता आहे का, किती व्हायल आहेत, रात्री बारानंतर डॉक्टर असतात की फक्त मदतनीस, आणि कुत्र्याचा श्वास थांबायला लागला तर कृत्रिम श्वास देण्याची सोय आहे का. सगळ्यांकडून चारही प्रश्नांना मनासारखी उत्तरं मिळणार नाहीत. त्यातून दोन ठिकाणं निवडा: एक पंधरा-वीस मिनिटांत पोचता येईल आणि पहिला डोस मिळेल असं, दुसरं मोठं, जिथे पुढचे दिवस ठेवता येईल. परळचं बाई साकरबाई पेटिट प्राण्यांचं रुग्णालय आणि त्याच आवारातलं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सगळ्यांना माहीत आहे. महालक्ष्मीला टाटा ट्रस्टचं प्राण्यांचं रुग्णालय 2024 पासून आहे. पण संध्याकाळी सात वाजता गोरेगावहून हायवेने परळ गाठायचं म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. पहिला डोस जवळ मिळाला पाहिजे. मोठ्या रुग्णालयातही निघताना फोन करून औषध आहे का ते विचारा, कारण साठा दर आठवड्याला बदलतो. पावसाळ्याच्या तोंडाला ही फोनाफोनी पुन्हा करा.

आता चावलं कसं ओळखायचं. कुत्रा वास घ्यायला नाक पुढे करतो, म्हणून दंश बहुधा तोंडावर किंवा पुढच्या पायावर असतो. दातांच्या खुणा केसांत दिसतीलच असं नाही, त्या शोधत बसू नका. घोणस चावली तर वेदना भयंकर असतात. कुत्रा केकाटतो, सूज भराभर चढते, जखमेतून पातळ रक्त येत राहतं आणि थांबत नाही, हिरड्यांतून रक्त येतं, लघवी चहाच्या रंगाची होते. काळीचं तुम्ही लिहिलंय ते या वर्णनाशी जुळतं. घोणशीचं विष रक्त गोठवणारे घटक संपवून टाकतं, पुढे मूत्रपिंडं निकामी करतं. गांधीलमाशी चावली तरी तोंड असंच फुगतं, आणि त्यामुळे ‘माशी असेल, सकाळी बघू’ म्हणून लोक थांबतात. भिंतीच्या कडेला, गवतात, अंधार पडताना घडलं असेल तर माशी म्हणून सोडून देऊ नका.

नाग चावला तर सूज येते आणि मज्जातंतूही बधिर होतात: पापण्या मिटायला लागतात, लाळ गळते, मागचे पाय लटपटतात, भुंकण्याचा आवाज बदलतो. मण्यार सगळ्यात फसवी. ती रात्री फिरते, तिच्या दंशाला ना सूज ना फारसं दुखणं. रात्री ठणठणीत असलेला कुत्रा पहाटे उठेना, मान टाकली, श्वास उथळ झाला, असं दिसलं तर ‘अपचन झालं असेल’ म्हणत बसायचं नाही. तळमजल्यावर राहणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

दवाखान्यात एक साधी तपासणी होते, ती आग्रहाने मागा. स्वच्छ कोरड्या काचेच्या नळीत दोनेक मिली रक्त घेऊन 20 मिनिटं अजिबात न हलवता ठेवतात, मग नळी एकदा तिरपी करतात. रक्त गोठलेलं असेल तर ते जागच्या जागी राहतं. पाण्यासारखं वाहिलं तर घोणस किंवा फुरशाचा संशय पक्का होतो. नळी काचेचीच हवी, प्लास्टिकमध्ये निकाल चुकतो. पहिल्या तपासणीत रक्त गोठलं म्हणून निश्चिंत होऊन घरी आणू नका, काही तासांनी ती परत करावी लागते. एक गोष्ट डॉक्टरांना न विचारता सांगा: सोसायटीत उंदरांचं औषध टाकलंय का. त्यातली बरीच औषधं रक्त गोठू न देणारी असतात. ते औषध किंवा ते खाऊन मेलेला उंदीर कुत्र्याने खाल्ला तर त्यालाही असाच रक्तस्राव होतो आणि त्याचा उपचार अगदी वेगळा आहे.

चावल्यापासून दवाखान्यापर्यंतच्या वाटेवर करायचं ते थोडंच आहे. बंड्याला चालवू नका, उचला. उचलता येत नसेल तर चादरीत घालून दोघांनी न्या, कारण चालला की विष लवकर पसरतं. गळ्यातला पट्टा आणि हार्नेस लगेच काढा, नाहीतर सूज चढल्यावर तोच गळफास होतो. वेळ बघून ठेवा. एकाने गाडी काढायची, दुसऱ्याने फोन करायचा. दुखणारा कुत्रा मालकालाही चावू शकतो, तेव्हा तोंडाजवळ हात नेऊ नका. पण तोंड सुजलंय किंवा श्वास जड आहे तर ते बांधूही नका. आवळून पट्टी, दोरी, चिरा, चोखणं, बर्फ, हळद, तूप, मिरची, यातलं काहीही नको. वॉचमनने मायेनेच केलं, त्यांना रागावू नका, पण त्यांना हे नीट समजावून सांगा. घरातली क्रोसिन, ब्रुफेन, डिस्प्रिन ही औषधं कुत्र्याला एरवीही घातक आहेत, आणि डिस्प्रिनने तर रक्तस्राव वाढतो. साप पकडायला किंवा मारायला कोणी थांबू नये. लांबून फोटो मिळाला तर उत्तम, नाही मिळाला तरी चालेल, कारण चारही सापांवर औषध एकच आहे.

याला एक अपवाद आहे. जुहू, वर्सोवा, अक्सा या किनाऱ्यांवर कुत्रे फिरवणाऱ्या वाचकांनी तो ध्यानात घ्यावा. कोळ्यांच्या जाळ्यातून पडलेले किंवा लाटेने फेकलेले समुद्री साप वाळूत मेल्यासारखे दिसतात. ते विषारी असतात आणि आपलं प्रतिविष त्यांच्यावर तयार केलेलं नाही. किनाऱ्यावर चपट्या शेपटीचं काही पडलेलं दिसलं तर कुत्र्याला हुंगू देऊ नका.

आता कमिटी. कार्बोलिक ॲसिड टाकायला माझा ठाम विरोध आहे, आणि हे पत्र तुम्ही सेक्रेटरींना खुशाल दाखवा. त्याने साप जात नाहीत. दोन दिवस वास येतो, पाऊस पडला की तेही संपतं. पण ते म्हणजे फिनॉल. त्यावरून चाललेला कुत्रा घरी येऊन पंजे चाटतो, मांजर अंग चाटतं. कातडी भाजते, पोटात गेलं तर विषबाधा होते. डांबरगोळ्या, गंधक, लसणाचं पाणी, ही सगळी समजूत आहे; डांबरगोळी कुत्र्याने खाल्ली तर तीही विषच. बाजारात ‘साप पळवणारी पावडर’ मिळते, तिच्यावर सोसायटीचा पैसा घालवू नका.

साप तुमच्या आवारात उंदरांसाठी येतात. आरे आणि नॅशनल पार्क शेजारी असल्यावर साप असणारच, ते आपल्या आधीपासून तिथे आहेत. प्रश्न एवढाच की ते तुमच्या भिंतीपाशी थांबतात का. मागच्या भिंतीला काय आहे, जाऊन पाहा. माझा अंदाज: कोणाच्या तरी फ्लॅटच्या रिनोव्हेशनचं डेब्रिज, फुटक्या लाद्या, जुनं कमोड, वाळलेल्या फांद्या, आणि शेजारी कबुतरांना टाकलेले दाणे. काळीचा भाताचा थाळाही रात्रभर तिथेच असायचा का? उंदरांना दुसरं काय हवं. डेब्रिज उचलायला लावा. कुत्र्यांचं खाणं दिवसाउजेडी घाला आणि अर्ध्या तासात भांडी उचला. भिंतीपासून दोन-तीन हात गवत छाटलेलं असू द्या, अख्खी बाग भादरायची गरज नाही. पावसाच्या पाण्याच्या पाइपांच्या तोंडाला बारीक जाळी बसवा, तळमजल्याच्या दारांखालच्या फटी ब्रशच्या पट्टीने बंद करा. करंगळी जाईल एवढ्या फटीतून सापाचं पिल्लू सहज येतं. उंदीर कमी झाले की लेप्टोचा, म्हणजे उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचाही धोका कमी होतो. बंड्याला लेप्टोची लस दरवर्षी देताय ना? ती लस मात्र खरंच असते आणि मुंबईच्या पावसात फार गरजेची आहे.

धामण मारली हे मला खरंच टोचलं. ती बिनविषारी. जो उंदीर घोणशीला बोलावतो तोच तिचं मुख्य खाणं. सापांना 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, त्यांना मारणं हा गुन्हा आहे, हे वॉचमनला नसेल पण कमिटीला माहीत असायला हवं. साप दिसला की कुत्र्यांना आत घ्या, एकाने लांबून नजर ठेवा आणि वनविभागाच्या 1926 या हेल्पलाइनला किंवा परवानगी असलेल्या सर्पमित्राला फोन करा. अजगराचं पिल्लू आणि घोणस, किंवा बिनविषारी कवड्या साप आणि मण्यार यांत भले भले चुकतात. साधारण ओळख सांगते: मण्यारीचे पांढरे पट्टे बारीक, बरेचदा जोडीजोडीने, डोक्यापासून थोडं मागे सुरू होऊन शेपटीपर्यंत ठळक असतात, कवड्याचे मानेजवळ ठळक आणि शेपटीकडे पुसट होत जातात. पण या माहितीवर कोणी हात घालू नये. घोणस मात्र आवाजावरून कळते. डिवचली की कुकरची शिट्टी सुटावी तसा लांब फूत्कार टाकते. तो ऐकू आला की जिथे आहात तिथे थांबा, आवाज कुठून येतोय ते बघा आणि त्याच वाटेने मागे या.

सासऱ्यांची काळजी मला कळते. पण बंड्याला घरात कोंडून ठेवणं हा उपाय नाही. देशी कुत्रा चार भिंतींत महिनाभर राहिला तर वेड्यासारखा होईल आणि एक दिवस लिफ्टचं दार उघडताच सुसाट पळेल, तेही लीशशिवाय. न्या, पण न्यायची पद्धत बदला. सकाळी चांगलं उजाडल्यावर आणि संध्याकाळी दिवेलागणीच्या आत. लीश आखूड, चार-पाच फुटांची. बटण दाबल्यावर लांबत जाणारी नको, कारण ती कुत्र्याला झुडपात पोचवते आणि तुम्ही मागेच राहता. चालायचं सिमेंटच्या मधोमध, भिंतीची कड आणि गटाराच्या जाळ्या टाळून. रात्री शू करायला न्यावंच लागलं तर मोबाइलचा मिणमिणता दिवा पुरत नाही, चांगली बॅटरी घ्या, आधी जमिनीवर उजेड टाका, मग पाऊल. हातात काठी असेल तर जमिनीवर आपटत चला. सासऱ्यांच्या पायात चपलेऐवजी बूट असू देत. पावसाळ्यात बिळात पाणी शिरतं म्हणून साप वर येतात आणि याच सुमारास घोणशीची पिल्लं बाहेर पडतात. ती अंडी घालत नाही, एका वेळी डझनांनी जिवंत पिल्लं देते, आणि पिल्लूही जन्मापासून विषारी असतं. थंडीतही सैल राहू नका. घोणशींचा जोडीचा काळ तेव्हा असतो आणि त्या ऊन खायला पायवाटेच्या कडेला येऊन पडतात.

बंड्याला दोन हुकूम मात्र पक्के शिकवा: ‘सोड’ आणि ‘ये’. मुठीत बिस्किट धरा, तो हुंगेल, पंजा मारेल. ‘सोड’ म्हणा आणि गप्प राहा. ज्या क्षणी नाक मागे घेईल त्या क्षणी दुसऱ्या हातातून चिकनचा तुकडा द्या. मुठीतलं द्यायचं नाही. हे घरात जमलं की जिन्यात, मग खाली. पुढे गवतावर पाण्याची जुनी नळी टाकून त्याच्याजवळून त्याला हाक मारून वळवा. यातून त्याला साप ओळखता येणार नाही. पण समोर काहीतरी हलतंय आणि तरी मालकिणीच्या हाकेला वळलं की चिकन मिळतं, एवढं डोक्यात बसलं तरी पुष्कळ. विजेचा झटका देणारा पट्टा घालून सापाची भीती बसवायचे प्रकार परदेशात चालतात. मी ते कोणाला सुचवत नाही. भेदरलेला कुत्रा हाक ऐकत नाही, पळतो.

राहिली पार्किंगमधली बाकीची कुत्री. त्यांना लीश नाही, मालक नाही. त्यांची झोपायची जागा मागच्या भिंतीपासून हलवून वॉचमनच्या केबिनजवळ, उजेडात आणा; गोणपाट तिथे टाकलात तर ती आपोआप येतील. रविवारी ठरवलेल्या दोन दवाखान्यांचे नंबर लिफ्टजवळ आणि केबिनमध्ये मोठ्या अक्षरांत लावा. त्याखाली रात्री-अपरात्री गाडी काढायला तयार असलेल्या दोन-तीन घरांचे फ्लॅट नंबर लिहा. आणि उपचाराचा खर्च मोठा असतो, व्हायलचे पैसे कोण देणार यावर रात्री दोन वाजता चर्चा होऊ नये, म्हणून या महिन्याच्या मीटिंगमध्येच थोडी वर्गणी काढून बाजूला ठेवा. कार्बोलिक ॲसिडसाठी मंजूर झालेली रक्कम त्यात घातलीत तर सुरुवात तिथूनच होईल.